पाचगणीचा फ्रेडी, लंडनचे दोन नाताळ

ब्रिटनमध्ये नाताळ जवळ आला की रोषणाई, केक आणि भेटवस्तूंच्या खरेदीबरोबरच आणखी एका विषयाची चर्चा रंगू लागते. नाताळच्या आठवड्यात गाण्यांच्या तक्त्यात पहिला क्रमांक कोण पटकावणार, हा तो विषय. त्यावर पैजा लागतात, वृत्तपत्रांत अंदाज छापून येतात. १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने रेकॉर्डच्या खपावर आधारलेला पहिला ब्रिटिश तक्ता प्रसिद्ध केला, तेव्हापासूनच्या प्रत्येक नाताळाचे एक अग्रक्रमाचे गाणे नोंदले गेले आहे. १९७३ मध्ये ‘स्लेड’ आणि १९७४ मध्ये ‘मड’ या वाद्यवृंदांनी खास नाताळासाठी रचलेल्या गाण्यांनी हा मान मिळविला आणि त्याला राष्ट्रीय स्पर्धेचे रूप आले.

या इतिहासात एका गाण्याची कथा सर्वस्वी वेगळी आहे. त्यात नाताळाचा उल्लेखही नाही. तरीही १९७५ च्या नाताळात ते पहिल्या क्रमांकावर होते आणि सोळा वर्षांनी, १९९१ च्या नाताळात, तेच ध्वनिमुद्रण पुन्हा त्याच स्थानी पोहोचले. एकाच कलावंताच्या एकाच ध्वनिमुद्रणाने दोनदा हा मान मिळविण्याची ती पहिलीच वेळ होती. पहिल्या वेळी गायक लंडनच्या रंगमंचावर उभा होता. दुसऱ्या वेळी त्याच्या निधनाला महिनाही झाला नव्हता. ते गाणे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आणि तो गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजेच सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या शाळेत वाढलेला फारुख बुलसारा.

बुलसार ते झांझिबार

बुलसारा हे आडनावच या घराण्याचे मूळ सांगते. गुजरातच्या दक्षिण टोकाला असलेले वलसाड पूर्वी बुलसार या नावाने ओळखले जाई. इराणमधून आलेले पारशी याच किनारपट्टीवरील संजाण येथे उतरले, असे परंपरा मानते. संजाणवर संकट कोसळले तेव्हा आपला पवित्र अग्नी घेऊन ते डोंगरात गेले. आजच्या पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या पठाराच्या पश्चिमेला डहाणू तालुक्यात असलेल्या बहरोटच्या लेण्यांत हा अग्नी बारा वर्षे जपला गेला, अशी या समाजाची श्रद्धा आहे. पुढे तो स्थलांतर करीत अखेर उदवाड्याला स्थिरावला. जागा सोडावी लागली तरी अग्नी विझू द्यायचा नाही, ही शिकवण घेऊनच या समाजातील अनेक कुटुंबे ब्रिटिश अमदानीत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेली.

बोमी बुलसारा हे त्यांपैकीच एक. झांझिबारमध्ये ते ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. ५ सप्टेंबर १९४६ रोजी बोमी आणि जेर या दाम्पत्याच्या पोटी फारुखचा जन्म झाला. १९५२ मध्ये त्याला कश्मिरा ही बहीण झाली. घरात जरथुष्ट्री धर्माचे संस्कार होते. फारुखचा नवजोतही रीतीप्रमाणे झाला. मात्र मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे, यासाठी आईवडिलांनी एक कठोर निर्णय घेतला. वयाच्या आठव्या वर्षी समुद्रमार्गे मुंबईला आणि तेथून पाचगणीला, सेंट पीटर्स या निवासी शाळेत त्याची रवानगी करण्यात आली.

पाचगणीचा पियानो

सह्याद्रीच्या माथ्यावरील पाचगणी हे इंग्रजांनी वसविलेले थंड हवेचे ठिकाण. इंग्लंडमधील निवासी शाळांच्या धर्तीवर येथे शाळा निघाल्या. सेंट पीटर्समधील शिस्त कडक होती. आईवडील हजारो मैलांवर, वर्षानुवर्षे भेट नाही, अशा स्थितीत छोटा फारुख या वातावरणात रुळला. वरच्या जबड्यात चार दात जादा असल्याने त्याचे पुढचे दात ठळक दिसत आणि त्यावरून मुले त्याला चिडवीत. हे वैगुण्य त्याला आयुष्यभर सलत राहिले. तथापि जबड्याची रचना बदलल्यास आवाज बिघडेल, या भीतीने त्याने पुढेही त्यावर उपचार करून घेतले नाहीत. फ्रेडी हे नाव त्याला मिळाले ते याच शाळेत.

खेळात तो टेबल टेनिस आणि मुष्टियुद्धात चमकला. १९५८ मध्ये कनिष्ठ गटातील अष्टपैलू विद्यार्थ्याचा चषकही त्याने मिळविला. मात्र त्याचे खरे वेगळेपण शाळेच्या मुख्याध्यापकांनी हेरले. या मुलाला संगीताचे उपजत अंग आहे, तेव्हा थोडे जादा शुल्क भरून त्याला पियानोची रीतसर शिकवणी द्यावी, असे त्यांनी पालकांना कळविले. बुलसारा दाम्पत्याने ते मान्य केले. फ्रेडीने पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. रोखपालाच्या पगारातून भरलेल्या त्या जादा शुल्काचे मोल पुढे साऱ्या जगाला कळले.

१९५८ मध्ये शाळेतील पाच मित्रांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. फ्रेडी त्यात पियानो वाजवीत असे; मुख्य गायक दुसरा होता. एल्विस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही मुले ऐकून उचलीत आणि शाळेच्या कार्यक्रमांत सादर करीत. एकदा कानावर पडलेली चाल फ्रेडी लगेच पियानोवर वाजवून दाखवी, ही आठवण त्याच्या सोबत्यांनी पुढे अनेकांना सांगितली. यातला योगायोग असा की, क्लिफ रिचर्ड हा गायकही मूळचा लखनौत जन्मलेला. १९६० मध्ये आणि पुढे १९८८ व १९९० मध्ये नाताळाचा पहिला क्रमांक त्यानेही मिळविला. इंग्रजांच्या या खास उत्सवी तक्त्यावर भारताशी नाते असलेल्या दोघांनी आपली मोहोर उमटविली आहे.

सुट्टीत फ्रेडी मुंबईला आजी व मावशीकडे राहत असे. म्हणजे त्याच्या घडणीची महत्त्वाची वर्षे महाराष्ट्रात गेली. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी तो झांझिबारला परतला. पण तेथील मुक्काम अल्पकाळच ठरला. डिसेंबर १९६३ मध्ये झांझिबार स्वतंत्र झाले आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथे रक्तरंजित क्रांती झाली. अरब आणि भारतीय वंशाच्या हजारो लोकांना प्राण गमवावे लागले. बुलसारा कुटुंबाने मोजके सामान घेऊन इंग्लंड गाठले. पूर्वजांप्रमाणेच या पिढीलाही किनारा सोडावा लागला होता.

फारुखचा मर्क्युरी

लंडनच्या विमानतळाजवळील फेल्टम या उपनगरात कुटुंबाने बिऱ्हाड थाटले. सतरा वर्षांच्या फ्रेडीने आयझलवर्थच्या तंत्रनिकेतनात आणि नंतर ईलिंगच्या कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९६९ मध्ये त्याने ग्राफिक कलेची पदविका मिळविली. याच सुमारास हीथ्रो विमानतळावर सामान हलविण्याचे कामही त्याने केले. रॉजर टेलर या ड्रमवादक मित्रासोबत केन्झिंग्टनच्या बाजारात त्याने जुन्या कपड्यांचा गाळाही चालविला.

टेलर आणि गिटारवादक ब्रायन मे ‘स्माइल’ नावाच्या वाद्यवृंदात होते. १९७० मध्ये त्यांचा गायक बाहेर पडला आणि ती जागा फ्रेडीने घेतली. वाद्यवृंदाचे नाव ‘क्वीन’ ठेवावे, हा आग्रह त्याचाच. सदस्यांच्या राशींची चिन्हे गुंफून वाद्यवृंदाचे मानचिन्हही त्यानेच रेखाटले. याच वेळी बुलसारा हे आडनाव बाजूला ठेवून त्याने मर्क्युरी हे नाव धारण केले. १९७१ मध्ये जॉन डीकन हा बासवादक आल्यावर चौघांचा संच पूर्ण झाला.

नाव बदलण्यामागे केवळ कलावंताची हौस नव्हती. त्या काळच्या ब्रिटनमध्ये आशियाई स्थलांतरितांविरुद्ध उघड द्वेष होता. १९६८ मध्ये खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध केलेल्या जळजळीत भाषणाने वातावरण तापले होते. रॉक संगीताच्या मंचावर आशियाई चेहरा जवळजवळ नव्हताच. फ्रेडीने आपल्या मुळांविषयी जाहीरपणे फारसे काही सांगितले नाही. झांझिबार, पाचगणी, मुंबई हे शब्द त्याच्या मुलाखतींत क्वचितच येत. त्याच्या असंख्य चाहत्यांना तो भारतीय वंशाचा आहे, हे अनेक वर्षे ठाऊकच नव्हते.

पहिला नाताळ

१९७३ आणि १९७४ मध्ये ‘क्वीन’चे पहिले तीन अल्बम निघाले. ‘किलर क्वीन’ हे गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. नाव झाले, पण पैसा हाती येईना. व्यवस्थापनाशी झालेल्या करारामुळे चौघेही तुटपुंज्या साप्ताहिक पगारावर दिवस काढीत होते. तो करार मोडून नवा व्यवस्थापक नेमण्यात आला आणि १९७५ च्या उन्हाळ्यात ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या अल्बमचे काम सुरू झाले. त्या काळातील अत्यंत खर्चीक अल्बमांत त्याची गणना होते. तो फसला असता, तर वाद्यवृंद टिकणे अवघड होते.

या अल्बमसाठी फ्रेडीने जे गाणे रचले, त्याने सारे संकेत मोडले. त्यात नेहमीचे ध्रुवपद नव्हते. पियानोवरील करुण गीताने सुरुवात, मग गिटारचा एकल तुकडा, त्यानंतर ऑपेराच्या ढंगाचा समूहस्वर, पुढे आक्रमक रॉक आणि अखेर पुन्हा पियानोवर शांत होणारा शेवट, अशी त्याची बांधणी होती. वेल्समधील रॉकफिल्ड स्टुडिओत मुद्रण सुरू झाले. तेव्हाच्या यंत्रावर चोवीसच मार्गिका उपलब्ध असत. मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघेच गात; त्यांचे आवाज एकावर एक चढविले जात, ते एकत्र करून पुन्हा नव्या मार्गिकेवर उतरविले जात. असे वारंवार केल्याने फितीवरील लेप झिजून ती आरपार दिसू लागली होती. केवळ ऑपेराच्या भागाला तीन आठवडे लागले. तीन कंठांतून शंभर गायकांचा भास निर्माण झाला, तो या कष्टांतून.

गाण्याची लांबी पाच मिनिटे पंचावन्न सेकंद भरली. तीन मिनिटांपलीकडचे गाणे रेडिओवर वाजत नाही, असा तेव्हाचा व्यावसायिक समज होता. ते कापून लहान करावे, असा दबाव आला. वाद्यवृंदाने नकार दिला. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट याच्याकडे एक प्रत पोहोचली आणि त्याने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजविले. श्रोत्यांनी दुकानांत धाव घेतली. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी रेकॉर्ड बाजारात आली.

दूरचित्रवाणीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात जाऊन एवढ्या गुंतागुंतीच्या गाण्यावर नुसते ओठ हलविणे हास्यास्पद ठरले असते. शिवाय वाद्यवृंद दौऱ्यावर होता. म्हणून नोव्हेंबरमध्ये दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स याने एल्स्ट्री येथे अवघ्या चार तासांत एक चित्रफीत तयार केली. गाण्याच्या प्रचारासाठी चित्रफीत काढण्याची प्रथा त्यानंतर सर्वत्र रूढ झाली.

नोव्हेंबरअखेर गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि तेथे नऊ आठवडे राहिले. ग्रेग लेकच्या खास नाताळी गाण्याला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. २४ डिसेंबर १९७५ च्या रात्री लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन सभागृहातून ‘क्वीन’चा कार्यक्रम बीबीसीने थेट प्रक्षेपित केला. नाताळच्या पूर्वसंध्येला इंग्लंडच्या घराघरांतील दिवाणखान्यांत पाचगणीच्या शाळेतला मुलगा गात होता. जानेवारी १९७६ च्या अखेरीस या गाण्याला पहिल्या क्रमांकावरून हटविले ते ‘ॲबा’ या स्वीडिश वाद्यवृंदाने.

कीर्ती आणि टीका

त्यानंतरचे दशक दिग्विजयाचे होते. १९७६ मध्ये ‘समबडी टू लव्ह’ आणि १९७७ मध्ये ‘वुई आर द चॅम्पियन्स’ ही गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. क्रीडास्पर्धा कोणतीही असो, विजेत्यांच्या सत्काराला यांपैकी दुसरे गाणे वाजविणे हा जगभर शिरस्ता झाला. १९८० मध्ये अमेरिकेच्या तक्त्यात दोन गाणी अव्वल ठरली. १९८१ मध्ये दक्षिण अमेरिकेतील भव्य क्रीडांगणे भरली.

हा आलेख सरळ मात्र नव्हता. ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘क्वीन’ने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटीत कार्यक्रम केले. वर्णद्वेषी राजवटीवर तेव्हा सांस्कृतिक बहिष्कार होता आणि तो मोडल्याबद्दल वाद्यवृंदावर कठोर टीका झाली. वर्णाने स्वतः गोरा नसलेल्या गायकाने असे करावे, ही त्याच्या आयुष्यातील ठळक विसंगती होय. त्याच नाताळात इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी ब्रिटिश गायकांनी मिळून केलेले गाणे अव्वल ठरले. त्या ध्वनिमुद्रणात ‘क्वीन’ नव्हते आणि त्यांचे स्वतःचे नाताळगीत एकविसाव्या क्रमांकापलीकडे गेले नाही.

१३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी कार्यक्रमात त्यांना सुमारे वीस मिनिटे मिळाली. त्या वीस मिनिटांत फ्रेडीने सत्तर हजारांवर प्रेक्षकांना आपल्या स्वरामागे गायला लावले. रॉक संगीताच्या मंचावरील सर्वोत्तम सादरीकरणांत त्याचा आजही उल्लेख होतो. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे लाखाहून अधिक श्रोत्यांपुढे तो ‘क्वीन’समवेत अखेरचा गायला. पुढे स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासमवेत त्याने ‘बार्सिलोना’ हा अल्बम केला. पाचगणीत पियानो शिकलेल्या मुलाची ऑपेराची ओढ तेथे पूर्णत्वास गेली.

दुसरा नाताळ

रंगमंचावर दिपवून टाकणारा हा माणूस खासगीत अबोल आणि संकोची होता. मेरी ऑस्टिन हिच्याशी त्याचे सहजीवन काही वर्षांनी संपले, पण विश्वासाचे नाते अखेरपर्यंत टिकले. जिम हटन हा त्याच्या अखेरच्या वर्षांतील साथीदार. इंग्लंड आणि वेल्समध्ये समलिंगी संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते आणि कायदा बदलल्यावरही समाजाची नजर बदलली नव्हती. १९८७ मध्ये त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी या आजारावर परिणामकारक उपचार नव्हते. रुग्णांच्या वाट्याला मृत्यूच्या भयासोबत समाजाचा तिरस्कारही येई. खपाच्या मागे लागलेल्या वृत्तपत्रांनी त्याच्या घराबाहेर छायाचित्रकारांचा पहारा बसविला.

फ्रेडीने काम थांबविले नाही. उभे राहणे कठीण होत असताना तो गात राहिला. मे १९९१ मध्ये ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ या गाण्याच्या चित्रफितीसाठी तो अखेरचा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. कृश चेहरा झाकण्यासाठी ती कृष्णधवल ठेवण्यात आली. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदनाद्वारे आपल्याला एड्स झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, केन्झिंग्टनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. त्याचे वय अवघे पंचेचाळीस होते.

२७ नोव्हेंबर रोजी पश्चिम लंडनच्या स्मशानभूमीत मोजक्या आप्तेष्टांच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. ते पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातील प्रार्थना म्हणून केले. मर्क्युरी या नावाने जगलेल्या कलावंताला निरोप मिळाला तो बुलसारा घराण्याचा मुलगा म्हणून.

डिसेंबरमध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आणि ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ ही गाणी एकाच रेकॉर्डवर प्रसिद्ध झाली. जॉर्ज मायकल आणि एल्टन जॉन यांच्या गाण्याला मागे सारून ती थेट पहिल्या क्रमांकावर आली, नाताळात तेथेच राहिली आणि एकूण पाच आठवडे टिकली. रेकॉर्डच्या विक्रीचे दहा लाख पौंडांहून अधिक उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आले. ज्या आजाराचे नाव घेणेही लोक टाळीत, त्याच्या निधीसाठी लक्षावधी कुटुंबांनी नाताळची भेट म्हणून ही रेकॉर्ड विकत घेतली. १९७५ चा नाताळ गायकाच्या यशाचा होता. १९९१ चा नाताळ समाजाची नजर थोडी बदलल्याची खूण होता. एप्रिल १९९२ मध्ये वेम्ब्लीवर त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. एड्सविरोधी कार्याला तो जगभर मदत करीत आला आहे.

आपला की परका?

मृत्यूनंतर फ्रेडीवर हक्क सांगणारे अनेक निघाले. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे १९९६ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये स्मृतिफलक लागला. २०१८ मध्ये त्याच्या जीवनावर चित्रपट आला आणि त्यातील भूमिकेसाठी रामी मालेक याला ऑस्कर मिळाले. भारतातही हा चित्रपट गर्दीत चालला. त्याच वर्षी ६ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. ज्यावर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ रचले गेले, तो यामाहा पियानो सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. गाण्याच्या हस्तलिखित खर्ड्यांवरून त्याचे नाव आधी ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे योजले होते, हेही उघड झाले.

पाचगणीला जाणारे पर्यटक आज सेंट पीटर्सच्या फाटकाशी थांबून छायाचित्रे काढतात. फ्रेडी आमचाच, असे अभिमानाने सांगितले जाते. मात्र तो हयात असता आणि आपले आयुष्य जसे होते तसे घेऊन परतला असता, तर या अभिमानाचे काय झाले असते, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. आपले मूळ त्याने ब्रिटनपासून झाकले आणि आपले प्रेम समाजापासून. दोन्ही ठिकाणी भीती एकच होती, नाकारले जाण्याची. कलावंताला आपला म्हणायचे तर त्याचा आवाज स्वीकारून भागत नाही. त्याने ज्यासाठी मौन पाळले, तेही स्वीकारावे लागते.

पाचगणीच्या शाळेने त्याला एक पियानो, एक मंच आणि फ्रेडी हे नाव दिले. आईवडिलांनी जादा शुल्क भरले. पुढचा प्रवास त्याचा एकट्याचा होता. ब्रिटनमध्ये दर डिसेंबरात जुन्या नाताळांच्या अव्वल गाण्यांच्या याद्या निघतात, तेव्हा फ्रेडीचे गाणे त्यांत दोनदा छापले जाते. दोन्ही ओळींत शब्द तेच, फक्त सालांचे आकडे वेगळे. एका आयुष्याचा चढ आणि शेवट त्या दोन आकड्यांच्या मध्ये सामावला आहे.